"दर्याला काय दिलास?" – ठाणे खाडीवरची विज्ञानकथा, पुराण आणि यंत्रं

चेंदणी_बंदर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं एका दीर्घ विज्ञानकथेवर काम करतोय आणि आता अडलोय, म्हणून हा धागा.

काळ शके २२२२, म्हणजे इसवी सन २३००. स्थळ आपली ठाण्याची खाडी, कळव्यापासून वाशी-बेलापूरपर्यंत. समुद्र चढलेला आहे. किनाऱ्याला लागून एक अजस्र बंदिस्ती आहे, तिला लोक 'बाणरेषा' म्हणतात. ती सांभाळणारी यंत्रणा आहे 'परशू'. परशू पाण्याचा दाब मोजतो, भिंत उंचावतो, पंप चालवतो. आपल्याला जशी वीज, तसा त्या लोकांना तो. आहे हे त्यांना जाणवतही नाही.

नावं कुठून आली हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. परशुरामानं जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान केली आणि स्वतःला उभं राहायला जागा उरली नाही. मग त्यानं समुद्राला मागे सारलं. कुणी म्हणतं बाण मारला, कुणी म्हणतं परशू फेकला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर वाशीच यायची, कारण तेव्हा तिकडे सगळीकडे भराव चालू होते. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली. माझ्या घरातल्या मोठ्यांनी खाडीपलीकडे भातखाचरं आणि मिठागरं पाहिली आहेत. त्याच जागी आज वीस मजली इमारती आहेत. परशुरामाची गोष्ट मला कधी जुनी वाटलीच नाही.

आठ प्रकरणं झाल्यावर ती आत्याला वाचून दाखवली. आत्याचं सगळं आयुष्य कोळीवाड्यात गेलं. पुढ्यात सूप घेऊन ती सुकट निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी सुपातून हात न काढता विचारलं, "दर्याला काय दिलास?"

मला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, नारळी पुनवेला आपण नारळ देतो. वर्षभर घेतो म्हणून देतो. तुझ्या गोष्टीतली माणसं दर्याला नुसती ढकलतात. त्याला देतात काय?

तेव्हापासून माझ्याकडून एक ओळ लिहून झालेली नाही. पुराणातली नावं मी यंत्रांना चिकटवली, पण पुराण ज्यावर चालतं ते घेतलंच नाही, हे त्या एका प्रश्नानं लक्षात आलं. ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्ब आणि पुष्पक म्हणजे विमान अशी बेरीज मला कधीच करायची नव्हती. 'बाणरेषा' म्हणजे समुद्रभिंत ही बेरीज मात्र मी केली, आणि ती तशीच आहे.

म्हणून मदत मागतोय. पुराण आणि तंत्रज्ञान एकमेकांत असं कसं मुरवायचं, की पुराण काढून घेतलं तर यंत्र बंद पडावं?

---

पोथीवाचक

तुमच्या आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या प्रश्नाला महाभारतातून थेट उत्तर येतं.

शांतिपर्वात हीच कथा आहे आणि तिथे बाण नाही. पृथ्वी दान घेतल्यावर कश्यप परशुरामाला सांगतो, आता माझ्या भूमीत राहू नकोस, दक्षिण समुद्राच्या तीराला जा. तो जातो, आणि सागर स्वतः त्याच्यासाठी शूर्पारक देश निर्माण करून देतो. शूर्पारक म्हणजे आपलं सोपारा, वसईच्या शेजारचं. तुमच्या घरापासून लोकलनं जाता येईल इतकं जवळ.

एकाच जमिनीच्या दोन कथा झाल्या. एकीत समुद्राला हटवलं, दुसरीत समुद्रानं दिलं. शके २२२२ मध्ये दोन्ही कथा मानणारी माणसं असू द्या. बाणरेषेच्या आतले म्हणतील आम्ही जिंकलं, खाडीकाठचे म्हणतील त्यानं दिलं. दोघांची यंत्रंही निराळी होतील. जिंकणारा भिंत बांधेल. मिळालेलं मानणारा दार ठेवेल.

आणखी एक. पुराणात कुठलीही शक्ती फुकट आणि बिनशर्त नसते. तारकासुराच्या तीन मुलांनी अमरत्व मागितलं, ब्रह्मदेवानं नाही म्हटलं. मग त्यांनी अट घालून मरण मागितलं: सोन्याचं, रुप्याचं आणि लोखंडाचं अशी आमची तीन नगरं हिंडती असतील, हजार वर्षांनी एकदा एका रेषेत येतील, त्याच क्षणी एकाच बाणानं जो ती भेदेल त्याच्या हातून आम्हाला मरण यावं. मयासुरानं नगरं बांधली आणि शंकरानं तो क्षण गाठला. आपण त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावतो ते याचेच. वर मागताना जे शब्द वापरले त्यांतच त्याचा शेवट लिहिलेला असतो. तुमच्या परशूला त्याच्या कर्त्यांनी कोणत्या शब्दांत काम सोपवलं ते मला वाचायचं आहे. "पाणी आत येऊ देऊ नकोस" हे शब्द असतील, तर पावसाचं पाणी कुठे जाणार?

---

घणसोली_ते_गगन

आपल्या पूर्वजांकडे विमानं होतीच की. त्यात लाजायचं काय? सरळ लिहा, परशुरामाकडे प्रगत शस्त्र होतं, ते काळाच्या ओघात हरवलं, आणि तुमच्या नायकाला ते पुन्हा सापडतं. वाचक आवडीनं वाचतील.

---

पोथीवाचक

@घणसोली_ते_गगन, अभिमान मलाही आहे, म्हणूनच थोडं स्पष्ट लिहितो. प्राचीन विमानविद्येचा म्हणून जो ग्रंथ दाखवतात तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगून लिहवलेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्यातली वर्णनं तपासली आणि ही यंत्रं उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. पण माझी खरी अडचण वेगळी आहे. 'हे सगळं आपल्याकडे होतंच' म्हटलं की गोष्ट तिथेच संपते. हरवलेली किल्ली सापडली, कुलूप उघडलं. ज्या कवीनं हजार वर्षांतून एकदा एका रेषेत येणारी तीन नगरं कल्पिली, त्यानं आकाशाकडे किती वेळ टक लावून पाहिलं असेल! त्याला कुणाच्या हरवलेल्या शस्त्राचा नुसता वार्ताहर ठरवलं, तर त्याच्या कल्पनेचं मोल राहत नाही.

---

सानपाड्याची_झडप

पोथीवाचक यांनी शेवटी विचारलेला प्रश्न मी नोकरीत रोज सोडवला. निवृत्त आहे, सगळी हयात पावसाळी पाण्याच्या कामात गेली. जरा सविस्तर लिहितो.

नवी मुंबईचे बरेच नोड, म्हणजे वसाहतींचे भाग, भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला तर नाल्याचं पाणी खाडीत जाऊच शकत नाही, उलट खाडीच आत येईल. म्हणून हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव केले. सगळे त्यांना होल्डिंग पाँडच म्हणतात. वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर, सगळीकडे आहेत. शहराचं पाणी आधी तलावात येतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपांची रांग असते. झडप वरच्या बाजूला बिजागरीनं टांगलेली असते आणि फक्त खाडीच्या दिशेनं उघडते.

आता नीट बघा. भरती आली की खाडीचं पाणी झडपेला बाहेरून दाबतं आणि झडप मिटते. ओहोटी लागली की तलावातलं पाणी आतून ढकलतं आणि झडप उघडते. मोटर नाही, वीज नाही, माणूस नाही. समुद्र स्वतःच दार लावतो आणि स्वतःच उघडायची परवानगी देतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वरिष्ठांनी समजावलेलं सगळं विसरून नुसता बघत उभा राहिलो होतो. जाड लोखंडी पत्रा, त्यावर शेवाळ आणि कालवं चिकटलेली, आणि भरती लागताच तो कुणी हळूच ओढून घेतल्यासारखा मिटत गेला. शेवटच्या बोटभर फटीतून पाणी शिट्टीसारखं वाजलं, मग शांत झालं.

ही कल्पना डच लोकांनी आणली असं समजू नका. कोकणात खारभूमीला बांध घालतात, त्या बांधाला 'उघाडी' असते. काम हेच. खाडीकाठच्या आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उघाड्या सांभाळल्या. बांधाला खेकड्याचं बीळ पडलं आणि ते वेळेवर बुजवलं नाही की पुढच्या उधाणाला खांड पडते आणि अख्खं शेत खारं होतं. मिठागरवाला मात्र तेच खारं पाणी उधाणाच्या भरतीला मुद्दाम आत घेतो. दार एकच, एकाला पाणी नको, दुसऱ्याला हवं.

एक प्रसंग सांगतो. एका वर्षी श्रावणात, पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी, एका तलावाची पातळी भरतीला वाढायला लागली. पाऊस तर थांबलेला. म्हणजे खाडी आत येत होती. ओहोटीची वाट पाहून आम्ही तिघं गुडघाभर चिखलात उतरलो. एक झडप खालून चार बोटं उघडी राहिली होती. हात घातला तर कडेला नारळ अडकलेला. शेंदूर लावलेला, दोरा गुंडाळलेला. कुणीतरी दर्याला दिलेला नारळ दर्यानं आणून दारात अडकवला होता.

मी तो काढला. काढणं माझं कामच होतं, त्याबद्दल वाईट वाटत नाही. पण हातात घेतल्यावर तो फेकून देणं कुणालाच जमेना. शेवटी पुलावर जाऊन पुन्हा खाडीतच सोडला, या वेळी ओहोटीच्या धारेत, म्हणजे बाहेर जाईल. तुमच्या आत्याबाईंचा प्रश्न वाचून आज तोच नारळ आठवला.

---

रबाळे_रात्रपाळी

सानपाडाकाका, नारळाचा प्रसंग दोनदा वाचला.

मी खाडीच्या याच बाजूला एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. लेखक साहेब, शके २२२२ मध्ये परशू चालतो तर त्याचा मेंदू कुठेतरी ठेवलेला असणार. तो तुमच्या गोष्टीत मला कुठेच दिसला नाही, म्हणून सांगतो.

आमच्या हॉलमध्ये सर्व्हर ठेवलेल्या रॅकच्या रांगा समोरासमोर असतात. एक गल्ली थंड, एक गरम. थंड गल्लीत जॅकेट घालून उभं राहावं लागतं. दरवाजा ढकलून गरम गल्लीत गेलं की तापलेल्या तव्याजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं आणि आवाजानं कान भरून जातात. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे संगणक. आमचं निम्मं काम उष्णता काढण्याचं आहे. सर्व्हरला जितकी वीज द्याल ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. एक मेगावॅट आत गेला तर एक मेगावॅटची ऊब बाहेर न्यावीच लागते. गणित हो, त्यात सूट नाही.

समुद्रमंथन आठवा. आपण चौदा रत्नं मोजतो, लक्ष्मी, कौस्तुभ, ऐरावत. पण घुसळायला लागल्यावर हलाहल वर आलं आणि सगळे पळत सुटले. ते कुणी प्यायचं हे ठरल्याशिवाय मंथन पुढे जात नाही. माझ्या डोळ्यांसमोर गरम गल्लीच येते. विचारणाऱ्याला उत्तर मिळतं ते अमृत, आणि त्या उत्तराची ऊब कुणीतरी घशात धरून बसलेलं असतं. शंकरानं विष गिळलं नाही आणि थुंकलंही नाही, कंठात धरलं. आता तुमच्या परशूची ऊब कुठे जाते ते सांगा. जवळ थंड पाणी तर एकच आहे, खाडी.

म्हणजे आत्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं होईल: दर्याला आपण देतोय, कढत पाणी देतोय.

---

चेंदणी_बंदर

@रबाळे_रात्रपाळी, हे वाचून उठून गॅलरीत गेलो. समोर खाडी दिसते. कथेत मासे कमी का झाले याचं कारण मी हवामान बदलावर ढकलून मोकळा झालो होतो. आता कळलं, कारण परशूच आहे. जो राखतो तोच तापवतो.

---

गामा_घटक

मी भौतिकशास्त्र शिकवते. या जगात अंतराळ असेल तर रैवत ककुद्मीची कथा सोडू नका. आपल्या मुलीला, रेवतीला, वर कोण शोधावा हे विचारायला राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणं चालू असतं, म्हणून थोडा थांबतो. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसून सांगतो, तू मनात धरलेली सगळी स्थळं केव्हाच गेली, खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. भागवतात आहे हे. पुढे रेवतीचं बलरामाशी लग्न होतं.

वर्गात मी याचं गणित घालते. एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचं. गुणिले २७, म्हणजे ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं. गाणं तासाभराचं धरलं तर काळ सुमारे एक लाख कोटी पट ताणला गेला. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या प्रवेगकात प्रोटॉन प्रकाशाच्या अगदी जवळच्या वेगानं फिरतात, तिथे हा गुणक सात हजारांच्या आसपास जातो. म्हणजे भौतिकशास्त्र म्हणून ही कथा जुळत नाही, आणि मी मुलांना तसं सांगतेही. पण मुलं दरवर्षी गणित सोडून एकच विचारतात: परत आल्यावर रेवतीला कसं वाटलं असेल? ओळखीचं एकही माणूस नाही, गावं नाहीत, भाषा तरी तीच होती का?

लेखकानं तिथे जावं. सिद्ध करायला जाऊ नये.

---

येऊरचा_पाडा

धागा पहिल्यापासून वाचतोय. एक गोष्ट खटकली ती बोलतो.

सगळे 'प्राचीन', 'पुराण' म्हणताय. आम्ही वारली. येऊरच्या जंगलात आमच्या पाड्याच्या वर वाघोबा आहे. दगडावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते तेव्हा त्याला मान देतो. तो प्राचीन नाही. परवा माझ्या चुलत्यानं त्याला नारळ दिला. कुणी आमच्या देवाला घेऊन कथेत रोबो करेल तर मला ते चालणार नाही. ज्याला अजून नैवेद्य जातो त्याला जुनी वस्तू समजू नका.

आणि तंत्रज्ञान आमच्या जंगलात कधीच आलंय. येऊर ज्यात येतं ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सगळं मिळून १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, चारी बाजूंनी शहर. संशोधक झाडांना कॅमेरे बांधतात. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून कुठला बिबट्या कुठे गेला ते त्यांना समजतं. मी त्यांच्याबरोबर काम केलंय. कॅमेरा चांगला आहे, मला आवडतो. पण कॅमेऱ्याला फक्त बिबट्या दिसतो. वाघोबाशी आमचा शब्द ठरलेला आहे, तू तुझ्या वाटेनं जा, आम्ही आमच्या वाटेनं जातो, वर्षातून एकदा तुला आठवू. तो शब्द कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. अंधार पडल्यावर एकटं मूल बाहेर सोडायचं नाही, कुत्री-कोंबड्या उघड्यावर ठेवायच्या नाहीत, हे त्या शब्दातच येतं.

तुमच्या जगात हजार कॅमेरे ठेवा. पण शब्द कुणाचा कुणाशी आहे ते आधी ठरवा.

---

चेंदणी_बंदर

दादा, तुमचं म्हणणं मान्य. वाघोबा कथेत येणार होता, एका टेहळणी यंत्राचं नाव म्हणून. ते आजच काढलं. येऊर कथेत येईल, तुमच्या देवाचं नाव यंत्राला लागणार नाही. आणि तुमची हरकत नसेल तर 'शब्द' हा शब्द मी घेतो. तीनशे वर्षांनंतरचे खाडीकाठचे लोक समुद्राशी असलेल्या नात्याला करार म्हणणार नाहीत, कायदा म्हणणार नाहीत, 'शब्द' म्हणतील.

---

येऊरचा_पाडा

घ्या. आमचा एकट्याचा नाही तो.

---

मासुंदा_काठ

मला देवाचं नाव यंत्राला देण्यात गैर वाटत नाही, पण ते नाव लेखकानं न देता कथेतल्या लोकांनी द्यावं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच स्टेशनात घडलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. ३४ किलोमीटर, पुढे तीन इंजिनं. कंपनीनं इंजिनांना साहिब, सिंध, सुलतान अशी भारदस्त नावं दिली होती. लोकांनी मात्र आगगाडीला नाव ठेवलं 'चाक्या म्हसोबा'. माझी आजीसुद्धा तसंच म्हणायची.

यात किती आहे ते बघा. म्हसोबा हा शिवेवरचा, शेंदूर लावलेला, कडक देव. त्याला टाळून पुढे जाता येत नाही, त्याचं काही चुकलं तर तो सोडत नाही. धूर ओकत, जमीन हादरवत येणारं लोखंड लोकांनी पाहिलं आणि आपल्या ओळखीच्या देवांत त्याची जागा लावून टाकली, चाकं असलेला म्हसोबा. 'हे आमच्याकडे पूर्वीच होतं' असं कुणी म्हटलं नाही. नवं आहे, जबरदस्त आहे, आता याच्याशी नीट वागायला हवं, एवढंच त्या नावात आहे.

तुमच्या परशूला कंपनीनं परशू म्हणावं. खाडीकाठच्या बाया त्याला काय म्हणतात?

---

पोथीवाचक

मासुंदा_काठ यांचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात कामाचा.

त्याला जोडून भाषेबद्दल थोडं. 'घटका भरली' आपण आजही म्हणतो. मूळ यंत्र किती जणांनी पाहिलंय? माझ्या आजोळी होतं. तांब्याची वाटी, बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक. घंगाळात पाणी घेऊन त्यावर ती तरंगत ठेवायची. भोकातून पाणी चढत जातं आणि चोवीस मिनिटांनी वाटी गपकन बुडते. ती एक घटका. दिवसरात्र मिळून अशा साठ. लग्नात भटजी त्या वाटीकडे डोळे लावून बसत. बुडताना होणारा 'डुब्' असा बारीकसा आवाज अजून कानात आहे. वाटी कुणाच्या घरात राहिली नाही, पण मरणाला टेकलेल्या माणसाबद्दल बोलताना घटका भरते आणि उरल्यासुरल्या काळासाठी घटका मोजतो. शके २२२२ मध्ये आजचं कुठलं यंत्र असं नुसतं क्रियापदात उरलेलं असेल, ते शोधा. 'चार्ज होणं', 'रेंजमध्ये असणं'. त्या लोकांना मोबाइल ठाऊक नसेल, तरी आजी नातवाला विचारेल, रेंजमध्ये आहेस ना रे?

---

चेंदणी_बंदर

मंडळी, आठ दिवस गप्प होतो कारण लिहीत होतो. नववं प्रकरण नव्यानं सुरू केलं. जग कसं बदललं ते थोडक्यात सांगतो आणि एक तुकडा देतो.

बाणरेषा आहे, परशू आहे. परशूला सोपवलेले शब्द पोथीवाचकांनी ओळखले तेच, 'पाणी आत येऊ देऊ नकोस'. शंभर वर्षं त्यानं ते पाळलं. त्याची ऊब खाडीत जात राहिली. जिताडा गेला, चिंबोरी गेली, चिखलातलं शेवाळ बदललं तसे रोहित पक्षी यायचे थांबले. (ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून मान मिळाला, हे कथेतल्या एका म्हातारीला पाठ आहे. ती तो मान हरवलेल्या दागिन्यासारखा सांगते.) खाडीकाठचे लोक परशूला 'कोंडोबा' म्हणतात. बाणरेषेच्या पायथ्याशी त्यांनी एक जुनी उघाडी राखली आहे. ती परशूच्या नकाशात नाही, कारण तिला वीज लागत नाही.

तुकडा:

*श्रावणी पौर्णिमेचा सूर्य बाणरेषेमागे कलला होता. मावरी गुडघाभर चिखलात उतरली. झडपेवर कालवांचे थर होते, तिनं तळहातानं त्यांची धार चाचपली. आईनं दाखवलेली जागा उजव्या कडेला, खालून चार बोटं वर. बाहेर भरती चढत होती आणि पत्रा मिटत येत होता. तिनं ओच्यातून नारळ काढला. वर कोंडोबा गुरगुरत होता, त्याचं कढत पाणी दूर कुठेतरी खाडीत पडत होतं. फट वीतभर उरली, मग चार बोटं. तिनं नारळ कडेला बसवला. पत्रा त्यावर येऊन टेकला आणि थांबला.*

*पाणी आत आलं. आधी शिट्टीसारखं, मग ओंजळभर, मग सरळ. मागच्या पडीक खाचरात ते पसरलं. परशूच्या नोंदीत तेवढी जमीन बुडाली असं दिसणार होतं. मावरीनं घंगाळात वाटी सोडली. घटका भरेपर्यंत आत येईल ते त्याचं.*

आत्याला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, घटका भरल्यावर नारळ काढायचा कुणी? मी म्हटलं, मावरीच काढते. ती म्हणाली, मग ठीक.

---

सानपाड्याची_झडप

कालवांची धार बरोबर. हात कापतो, हातमोजे असले तरी. एक सूचना: वाटी बुडाली तरी भरती चालूच असणार आणि बाहेरच्या दाबानं नारळ पक्का आवळलेला असेल. हातानं निघणार नाही. माझा तर ओहोटीलाच निघाला होता. मावरीला पहारीनं तो फोडावा लागेल. फोडलेला नारळ आत वाहून येईल, प्रसादासारखा. बघा पटतंय का.

---

पाऊणपट

पहिल्यांदाच लिहितोय. तुकडा आवडला, पण त्यात वेळेची चूक आहे.

आमच्याकडे होडीवाले अजून भरती तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि पाणी खाडीत आत ठाण्याकडे चढेपर्यंत बारा वाजून जातात. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून हा पाऊण तासाचा हिशेब जमतो. अंदाजी आहे, पण होडी लागायला पुरतो.

तर पौर्णिमेला सूर्य कलताना पाणी तळाला असतं. त्या वेळी झडप मिटणार नाही, उलट उघडी पडलेली असेल आणि मावरीसमोर नुसता चिखल असेल. तिला पौर्णिमेला झडप मिटताना हवी असेल तर एक तर भर दुपारी, नाहीतर मध्यरात्री.

---

चेंदणी_बंदर

आत्याला फोन करून विचारलं. म्हणाली, मला वाटलं तुमच्या तीनशे वर्षांनंतर चंद्र बदलला असेल, म्हणून बोलले नाही.

दुपारी बारा करतो. डोक्यावर ऊन, सावली पायाखाली, हातात पहार. सानपाडाकाका, नारळ फोडणार ती. पहारीचा घाव पाण्याखाली कसा बसतो, हात किती जड होतो, ते तुम्हाला आठवत असेल तर लिहा. ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.